जाळ्यात देवमासा आला तर काय करायचं? पाचूबंदर-वसईच्या कोळी बांधवांसाठी संपूर्ण माहिती

वसई : सप्टेंबर 2021 मध्ये वसईच्या मर्देस किनाऱ्यावर सुमारे 30 फुटांचा मेलेला देवमासा लाटांबरोबर वाहून आला. बातमी मोबाईलवर फिरली आणि बघ्यांची रीघ लागली. वास सहन होत नव्हता, तरी फोटो काढायला लोक जवळ जात होते. चार दिवस चर्चा झाली, मग सगळे विसरले. पाचूबंदर तिथून लांब नाही. वसई किल्ल्याला खेटून, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या या कोळीवाड्यातल्या बोटी रोज त्याच समुद्रात जातात. त्यामुळे मेलेला देवमासा किनाऱ्यावर बघणं ही गावाला एखाद्या दिवसाची गंमत असली, तरी जिवंत देवमासा, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळ्यात सापडणं हा नाखव्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

देवमासे वाचवा, असं सांगणारे कार्यक्रम जगभर होतात. फेब्रुवारीचा तिसरा रविवार हा जागतिक देवमासा दिन. 1980 मध्ये हवाई बेटांवरच्या माउई इथे तो सुरू झाला. 30 ऑगस्टला व्हेल शार्क दिन असतो. शाळेत चित्रकला स्पर्धा, किनाऱ्यावर साफसफाई, एक भाषण, एक फलक, असं साधारण स्वरूप. ते वाईट नाही. पण खोल समुद्रात पहाटे तीन वाजता जाळं ओढताना आत सहा-सात टनांचं धूड दिसलं, तर त्या फलकाचा काय उपयोग? निर्णय तिथे तांडेलालाच घ्यायचा असतो, आणि तो काही मिनिटांत.

आधी ओळख

देवमासा हा मासा नाही. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. म्हणूनच त्याला थोड्या थोड्या वेळाने वर यावं लागतं. जाळ्यात गुरफटून वर येता आलं नाही, की तो पाण्यातच गुदमरून मरतो. डॉल्फिनचंही तसंच. आपल्या किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी दिसणारा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, ज्याला कोकणात बऱ्याच ठिकाणी गादा म्हणतात, तो आज जगात धोक्यातल्या यादीत आहे.

व्हेल शार्क मात्र खराखुरा मासा आहे, मुशीच्या जातीतला. नावात व्हेल आहे म्हणून गोंधळ होतो. कल्ल्यांनी श्वास घेतो, अंगावर पांढरे ठिपके, 40 फुटांपर्यंत वाढतो. इतका मोठा असून माणसाला काही करत नाही. पाणी गाळून त्यातले बारीक जीव आणि छोटे मासे खातो.

सगळेच देवमासे संपत आलेत असंही नाही. कोकणात किनाऱ्याला लागणाऱ्यांपैकी ब्रायडीज देवमासा जगात अजून बऱ्यापैकी टिकून आहे. निळा देवमासा मात्र धोक्यात आहे. 2015 च्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरसमोर निळ्या देवमाशाची मादी आणि पिल्लू दिसल्यावर अभ्यासकांना केवढा आनंद झाला होता! आणि त्याच वर्षी जूनमध्ये रायगडच्या रेवदंड्याला 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला. गावकरी आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला पाण्यात ढकलण्याची खूप धडपड केली. तो वाचला नाही.

सर्वात बिकट अवस्था आहे अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशाची. इतर समुद्रांतले कुबडे देवमासे दरवर्षी थंड पाण्यातून गरम पाण्यात हजारो किलोमीटर येजा करतात. आपले मात्र अरबी समुद्र सोडत नाहीत. हजारो वर्षांपासून ते बाकीच्यांपासून वेगळे पडलेत. ओमानजवळ केलेल्या अंदाजात त्यांची संख्या शंभरीही गाठत नव्हती. याला एक जुनं कारण आहे. 1966 च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यासमोर 242 कुबडे देवमासे मारले, आणि ही गोष्ट कित्येक वर्षं लपवून ठेवली. ते उघड झालं 1990 च्या दशकात. म्हणजे आपल्या दाराशी झालेली कत्तल आपल्याला कळायला जवळपास तीस वर्षं लागली.

2017 मध्ये ओमानजवळ शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं. तिचं नाव लुबान, म्हणजे आपल्याकडे धुपासाठी जाळतात तो लोबान. ही बाई अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या किनाऱ्याला आली आणि गोव्यापासून खाली कन्याकुमारीच्या बाजूपर्यंत गेली. तोवर ओमानचे देवमासे ओमानचे, असंच धरलं जायचं.

गुजरातने काय केलं?

जनजागृती कशी करावी याचं शिकण्यासारखं उदाहरण पालघरच्या शेजारी आहे. वेरावळ, मांगरोळ, सुत्रापाडा या सौराष्ट्राच्या बंदरांत 1990 च्या दशकात व्हेल शार्क सर्रास मारला जायचा. लिव्हरच्या तेलाने लाकडी होड्या जलरोधक करायचे, मांस आणि पंख परदेशात जायचे. 2001 मध्ये केंद्र सरकारने त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. पण नुसता कायदा करून बंदरावरचा धंदा थांबत नाही.

2004 मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापू पुढे आले. त्यांनी मच्छिमारांना प्राणिशास्त्र सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे, लेकीला कोणी मारतं का? व्हेल शार्कला ‘व्हाली’ म्हणजे लाडकी असं नाव पडलं. गावोगाव पथनाट्यं झाली, त्यात कोळी बाप आणि माहेरी आलेली गर्भार मुलगी अशी गोष्ट होती. बंदरांच्या गावांनी व्हालीला आपलं मानचिन्ह केलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते. भावनेबरोबर पैसाही आला. व्हेल शार्क सोडताना जाळं कापावं लागलं तर वनखातं नुकसानभरपाई देऊ लागलं. आणि नंतर मच्छिमारांच्याच हातात कॅमेरे दिले गेले. अधिकारी येईपर्यंत मासा अडकवून ठेवायची गरज नाही. जाळं कापा, फोटो काढा, मासा सोडा, किनाऱ्यावर येऊन फोटो दाखवा. आजवर 900 हून जास्त व्हेल शार्क अशा रीतीने सोडले गेलेत. लेक ही उपमा मनाला भिडली, हे खरंच. पण जाळ्याचे पैसे मिळाले नसते तर किती तांडेलांनी सुरी बाहेर काढली असती, हा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात भरपाई आहे का?

आहे. डिसेंबर 2018 पासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष मिळून ही योजना चालवतात. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी, म्हणजे समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, देवमासा वगैरे, जाळं कापून जिवंत सोडला तर नुकसानीप्रमाणे जास्तीत जास्त 25 हजार रुपये मिळतात. पालघरच्या मच्छिमारांनाही हे लागू आहे. तरीही बऱ्याच खलाश्यांना याची कल्पना नसते. काही जण ऐकून असतात, पण ‘कागदपत्रं कोण करणार’ म्हणून सोडून देतात.

म्हणून हे लक्षात ठेवा. फोटो आणि व्हिडिओ हाच तुमचा पुरावा. अडकलेला प्राणी, कापलेलं जाळं, सुटून जाणारा प्राणी आणि शक्य असेल तर बोटीचा नंबर, हे सगळं दिसलं पाहिजे. एकाने जाळं कापावं, एकाने मोबाईल धरावा. बोटीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना चालू असला पाहिजे, नाहीतर अर्ज अडतो. बंदरावर आल्यावर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा आपल्या मच्छिमार सोसायटीमार्फत अर्ज करावा. सोसायटीने असा एक अर्ज पूर्ण भरून नमुना म्हणून कार्यालयात लावला, तरी अर्धं काम होईल.

25 हजार पुरतात का? सगळ्याच वेळी नाही. बोटीवरच्या जाळ्यांची किंमत लाखांत जाते, आणि फुकट गेलेली फेरी, डिझेल, बर्फ हे हिशोबात येत नाही. कोळी बांधवांची ही तक्रार रास्त आहे. आणखी एक प्रश्न बंदरावर हमखास निघतो: आमचं जाळं दिसतं, मग मोठ्या जहाजांचं काय? देवमाशांना जहाजांची धडक बसते, इंजिनांच्या आवाजाने त्यांचा मार्ग चुकतो, हे जगभरच्या अभ्यासात आलेलं आहे. डहाणू तालुक्यात वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झालं. योगायोग असा की तो व्हेल शार्क दिन. या समुद्रात जहाजांची वर्दळ वाढणार, तेव्हा जागृतीचा कार्यक्रम फक्त कोळीवाड्यात घेऊन भागणार नाही.

गुन्हा कधी होतो?

या भीतीमुळेच कित्येक जण तोंड उघडत नाहीत. चुकून जाळ्यात आलेला प्राणी सोडून दिला तर कोणी तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही, उलट भरपाई आहे. पण तो किनाऱ्यावर आणणं, कापणं, विकणं, दात-हाडं घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार गुन्हा आहे. देवमासे, डॉल्फिन, व्हेल शार्क हे पहिल्या अनुसूचीत येतात. शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद आणि कमीत कमी 25 हजार दंड.

‘व्हेलची उलटी’ याबद्दल तर खास सावध राहावं. शुक्राणू देवमासा नावाच्या जातीच्या आतड्यात तयार होणारा हा मेणासारखा पदार्थ परदेशात अत्तरासाठी वापरतात. किलोला कोटी रुपये मिळतात अशा गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरतात. भारतात तो बाळगणं आणि विकणं बेकायदा आहे. मुंबई-ठाणे पट्ट्यात यासाठी लोक पकडले गेल्याच्या बातम्या सतत येतात. किनाऱ्यावर तसं काही मिळालं तर वनखात्याला कळवा. ‘गिऱ्हाईक आणून देतो’ म्हणणारा बहुतेक वेळा तुम्हालाच अडकवतो.

किनाऱ्यावर देवमासा लागला तर

जिवंत असेल तर घाई करून शेपटी धरून ओढू नका. पाण्याबाहेर त्याच्या स्वतःच्याच वजनाने फुप्फुसं दबतात, आणि अंगावर चरबीचा जाड थर असल्यामुळे तो आतल्या आत तापतो. ओली चादर, गोणपाट अंगावर टाका, पाणी मारत राहा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मात्र उघडं ठेवा. त्यात पाणी, वाळू जाता कामा नये. बाजूच्या पंखांखाली वाळू उकरून जागा करा. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, आरडाओरडा नको. वनविभागाचा टोल फ्री नंबर 1926, तटरक्षक दलाचा 1554.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत रुतलं होतं. वनखातं, तटरक्षक दल, स्थानिक लोक दोन दिवस राबले. त्याला समुद्रात ओढून नेलंही, पण शेवटी पिल्लू मेलं. इतकं करूनही यश येईलच असं नाही, आणि हे लोकांना आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढच्या वेळी कोणी ‘काय उपयोग’ म्हणून घरी बसणार नाही.

मेलेला असेल तर लांबच राहा. आत वायू साठून अंग फुगतं. तैवानच्या ताइनान शहरात जानेवारी 2004 मध्ये ट्रकवरून नेताना एक शुक्राणू देवमासा भर रस्त्यात फुटला. दुकानं, गाड्या रक्ताने आणि आतड्यांनी माखल्या. वर चढून सेल्फी काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. रोगाचा धोका वेगळाच. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी अशी घटना जास्त संभवते, कारण पश्चिमेचा वारा समुद्रात मेलेलं जनावर किनाऱ्याकडे ढकलतो.

कार्यक्रम घ्यायचाच तर

रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव कासव महोत्सवासाठी ओळखलं जातं. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली, मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येऊ लागले, घराघरांत राहण्या-जेवणाची सोय झाली. जिथे आधी कासवांची अंडी चोरीला जायची त्याच गावात चार पैसे आले. देवमाशाची अशी जत्रा भरवता येणार नाही, तो ठरलेल्या वेळी येत नाही. पालघर जिल्ह्यात डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, तिथे शाळेची सहल नेता येते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही मुलांना पुष्कळ बघायला मिळतं.

पाचूबंदरसाठी वेळ निवडायची तर 1 जून ते 31 जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सगळ्यात सोयीचा. बोटी वर ओढलेल्या असतात, खलाशी जाळी विणत बसलेले असतात. त्यांना हॉलमध्ये बोलावण्यापेक्षा जाळी विणतात तिथेच जावं. सोबत फाटकं जाळं, सुरी आणि एक मोबाईल न्यावा. जाळं कुठे कापलं की कमी नुकसान होतं, हे तिथला जुना तांडेल कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगलं दाखवील. अर्जाचे फॉर्म त्याच दिवशी वाटावेत आणि परवाना संपलेल्यांची यादी करावी. नारळी पौर्णिमेनंतर बोटी खाली उतरल्या, की पुन्हा कोणाला सवड मिळत नाही.