प्रेक्षकांची आणेवारी

महसूल खात्याची आणेवारी ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला कोणता कार्यक्रम किती जण पाहतात हे सांगणाऱ्या, दूरचित्रवाणीच्या व्यवसायातील टीआरपी नामक आकड्याचे मर्म उमगण्यास फारसे सायास पडू नयेत. आणेवारीत शिवारातील मोजके तुकडे निवडावयाचे, तेवढ्यांवरील पीक कापून तोलावयाचे आणि त्या तोलावरून साऱ्या गावाचे पीक रुपयात किती पैसे आले हे ठरवावयाचे. मग आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर वसुलीस स्थगिती आणि टंचाईच्या सवलती, वर गेला तर वसुली नेहमीप्रमाणे, असा हा इंग्रज अमदानीपासून चालत आलेला रिवाज आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात कालव्यांखालचे उसाचे फड आणि पेरूच्या बागा असल्या, तरी जिरायत गावेही थोडी नाहीत. त्यामुळे थोडक्यांवरून सर्वांचा निवाडा करणारी ही पद्धत तेथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरी संध्याकाळी कोणत्या घटकेला कोणती मालिका दिसावी, याचाही निवाडा तशाच एका मोजणीवर होतो आणि त्या मोजणीत त्याचे गाव दीर्घकाळ जमेसच धरलेले नव्हते, हा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा वेळापत्रक आखणारा अधिकारी प्रेक्षकांच्या संख्येला नव्हे, तर सरकारी धोरणाला बांधलेला होता. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ दाखवावे ते किती जण पाहतात म्हणून नव्हे, तर ते त्यांच्या हिताचे आहे म्हणून, अशी त्या काळची धारणा होती. तिच्यात वडीलकीचा अहंकार होता, तसेच कर्तव्याचे भानही होते. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या, १९८४ मध्ये ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकांचा पायंडा पाडला, आणि जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागताच रस्ते ओस पडू लागले, तेव्हा प्रेक्षक ही विकता येण्याजोगी वस्तू आहे, हे व्यापाऱ्यांच्या पुरते ध्यानी आले. विकावयाच्या वस्तूचे माप लागते. म्हणून त्या दशकाच्या उत्तरार्धात निवडक कुटुंबांना रोजनिश्या देऊन, काय पाहिले ते लिहवून घेण्याची पद्धत रूढ झाली. या रोजनिश्यांत स्मरणाच्या चुका असत आणि प्रतिष्ठेपोटी केलेल्या नोंदीही असत.

१९९८ मध्ये टॅम या संस्थेने घरोघरच्या संचांना मीटर जोडून या कामास यांत्रिक स्वरूप दिले. घरातील प्रत्येक व्यक्तीने आपल्या नावाचे बटण दाबून आपली हजेरी लावावयाची आणि यंत्राने वाहिनी व वेळ टिपावयाची, अशी ती व्यवस्था होती. पुढल्याच वर्षी महाराष्ट्रात दोन निराळ्या घटना घडल्या: राहाता हा स्वतंत्र तालुका झाला आणि १५ ऑगस्टला ‘अल्फा मराठी’ ही खासगी वाहिनी सुरू झाली. तहसील कचेरी आली, दफ्तर आले, गावोगावची नोंद राहात्यास होऊ लागली. परंतु मीटरची मोजणी मुख्यतः लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरतीच असल्याने राहाता, शिर्डी, कोपरगाव, संगमनेर ही सारी गावे प्रेक्षक म्हणून बेदखल राहिली. त्यांनी ‘आभाळमाया’ ही मालिका पाहिली, ‘चार दिवस सासूचे’ दहा वर्षांहून अधिक काळ पाहिली, आणि त्या पाहण्याचा दाखला कोठेही उमटला नाही.

टीआरपीचा हा आकडा केवळ कुतूहलाचा विषय असता, तर त्यातील ही उणीव क्षम्य ठरली असती. पण दर आठवड्यास येणाऱ्या त्या आकड्यावर दहा सेकंदांच्या जाहिरातीचा भाव ठरतो, भावावर अर्ध्या तासाची किंमत ठरते, आणि ज्या मालिकेला ती किंमत पेलत नाही, तिची वेळ बदलली जाते, तिच्यात घाईने लग्न वा अपघात घडविला जातो, रविवारी तिचा ‘महाएपिसोड’ योजला जातो, आणि एवढ्यानेही न भागल्यास तिला निरोप दिला जातो. कचेरीतून सुटून लोकलने घरी परतणाऱ्या मुंबईकराचे घड्याळ अशा रीतीने अवघ्या महाराष्ट्राचे घड्याळ बनले. ज्या ग्रामीण भागात २००५ नंतरची कित्येक वर्षे भारनियमनाचे वेळापत्रकच सर्वांत बलवान होते, तेथील प्रेक्षकाने चुकलेला भाग दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणात गाठावा, एवढीच त्याची सोय उरली.

२०१५ मध्ये टॅमची जागा बार्क या संस्थेने घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा हिंदी वाहिन्यांची क्रमवारी पाहता पाहता उलटली. जुन्याच मालिका फुकट दाखविणारी ‘झी अनमोल’सारखी वाहिनी अग्रभागी आली. प्रेक्षक होते तेच होते, केवळ मोजणीची शीव हलली होती. मराठीतही ‘महाराष्ट्र-गोवा’ या एकाच बाजारपेठेत शहर आणि गाव यांची एकत्र बेरीज होऊ लागली. मात्र बेरजेत स्थान मिळाले म्हणून आकड्याची सत्ता सौम्य झाली, असे नाही: एके काळी लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली ‘आई कुठे काय करते’ ही मालिकाही मार्च २०२४ मध्ये नव्या मालिकेसाठी संध्याकाळची वेळ सोडून दुपारी अडीचला गेली.

जेथे मोजक्यांच्या हाती सर्वांचा कौल असतो, तेथे त्या मोजक्यांना गाठण्याचा मोह अटळ असतो. २००१ साली मुंबईतील मीटर असलेल्या घरांची गुप्त यादी फुटली. ऑक्टोबर २०२० मध्ये अशा घरांना पैसे देऊन विशिष्ट वाहिन्या लावून ठेवविल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला, आणि त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. त्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणी-घरांसाठी सुमारे ४४ हजार घरांत मीटर होते. म्हणजे एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होते.

नमुन्यावरून अनुमान काढणे हा दोष नव्हे. त्यावाचून इतक्या मोठ्या देशाची गणना होणेच दुर्घट आहे. आणेवारीतही चुका होतात, किंबहुना दुष्काळाच्या वर्षी तिच्यावरून होणारे तंटे सर्वश्रुत आहेत. पण तेथे हंगामी आकडा आधी जाहीर होतो, गावाच्या समितीत शेतकरी बसतो, आणि आकडा अमान्य असल्यास हरकत घेता येते. दुसरी वाहिनी लावणे हीच प्रेक्षकाची हरकत, असे वाहिन्यांचे चालक म्हणतील. परंतु ज्या घरी मीटर आहे त्याच घरची हरकत दप्तरी दाखल होते, आणि उरलेल्या पावणेपाच हजारांनी बटण कितीही वेळा दाबले, तरी त्याची दाद लागण्यासारखी कचेरी अद्याप कोणी उघडलेली नाही.