वैद्यकीय भेटीची कालमर्यादा, इंग्लंडमधील

रुग्णाला डॉक्टरांची भेट किती अवधीत मिळावी, हे ठरविणारे शासकीय उद्दिष्ट. ग्रेट ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार विनामूल्य झाले. तथापि मागणीच्या मानाने साधने अपुरी पडून प्रतीक्षायाद्या लांबत गेल्या. १९९१ च्या रुग्ण-सनदेने यादीवरील रुग्णास दोन वर्षांच्या आत रुग्णालयात दाखल करून घेण्याची हमी दिली. पुढे टोनी ब्लेअर यांच्या शासनाने २००० च्या योजनेत, २००४ पर्यंत कौटुंबिक डॉक्टरांची भेट ४८ तासांत मिळावी, असे ठरविले. ही मर्यादा पाळली जावी म्हणून काही दवाखान्यांनी त्यापुढील भेटी आगाऊ नोंदविणेच बंद केले. परिणामी नेहमीच्या डॉक्टरांसाठी चार दिवस थांबण्यास तयार असलेल्या रुग्णांचीही अडचण झाली. २००५ च्या निवडणूक-प्रचारात दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात एका महिलेने ही तक्रार मांडली, तेव्हा ब्लेअर यांनाही आश्चर्य वाटले. २०१० मध्ये नव्या शासनाने या मर्यादेवरील केंद्रीय देखरेख थांबविली. भेटीचा वेग मोजता येतो. उपचारांतील सातत्य व परिचय यांचे मोल मात्र अशा आकड्यात उतरत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.