एक पत्र आणि कोठडीतल्या बायका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. चढायचीच वेळ आली, तर ज्याचं दुखणं त्यानेच चढायची. बी. कॉम.ला व्यापारी कायद्यात आम्ही असाच एक नियम पाठ केला होता: जो करारात पक्षकार नाही, त्याला त्या करारावरून दावा लावता येत नाही. व्यवहारात ते बरोबरच आहे. शेजारच्या दुकानाची उधारी मी कशाला वसूल करू?

पण ज्याचं दुखणं आहे त्याच्याकडे पैसा नाही, अक्षरओळख नाही आणि तो कुलपाआड आहे, तर? जनहित याचिका या अडचणीतून आली. 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे पडून असलेल्या कैद्यांसाठी कपिला हिंगोरानी या वकील बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी आधार घेतला वर्तमानपत्रातल्या बातम्यांचा. 1981 च्या डिसेंबरात एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने स्पष्टच सांगितलं की, गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे ज्यांना येता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरा कोणीही चांगल्या हेतूने येऊ शकतो. साधं पत्रही चालेल.

असं एक पत्र आपल्या महाराष्ट्रातून गेलं. पत्रकार शीला बारसे यांनी 1982 च्या मे महिन्यात परवानगी घेऊन मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात 15 महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेबाईंनी ते सर्वोच्च न्यायालयाला कळवलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं.

निकालाआधी खरं-खोटं पाहायला निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवलं गेलं. त्यांच्या अहवालात आणखी एक गोष्ट निघाली. दोन परदेशी कैदी बायकांचे दागिने आणि सामान यांतलं जवळपास अर्धं एका वकिलानेच फीच्या नावाखाली दाबलं होतं. बाईच्या अंगावरचं सोनं म्हणजे तिचा अडीनडीचा शेवटचा आधार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तुरुंगात वकिलाची धड सोय नसली की काय होतं, ते यातून दिसलं.

15 फेब्रुवारी 1983 रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. संशयित स्त्रियांसाठी चांगल्या वस्तीत वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तिथे पहाऱ्याला महिला शिपाई असाव्यात. स्त्रीची चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. अटक झाली की तिच्या नातलगाला किंवा तिने सांगितलेल्या ओळखीच्या माणसाला कळवावं, कायदा मदत समितीलाही कळवावं. मुंबईत सत्र न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. मॅजिस्ट्रेटने समोर आणलेल्या आरोपीला मारहाण झाली का, हे स्वतः विचारावं. आणि अटकेतल्या माणसाचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत.

आपल्या घरांत सूर्यास्ताला मोठं महत्त्व. त्यानंतर ताट वाढायचं नाही, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरात केवढी घाई असते! कायद्यातही बाईसाठी सूर्यास्ताची रेघ आहे, आणि ती ओढण्यात नागपूरचा वाटा आहे. 1993 मध्ये इथे एका माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या पत्नीशीही पोलिसांनी गैरवर्तन केल्याची तक्रार होती. ख्रिस्ती समाजाच्या एका संस्थेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली. महिला शिपायाशिवाय स्त्रीला अटक नको, आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत तर मुळीच नको, असं खंडपीठाने ठरवलं. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थोडं सैल केलं. तपासाला बाधा येत असेल, तर कारण लिहून ठेवून अटक करता येईल, असं म्हटलं. मग 2005 च्या दुरुस्तीने संसदेनेच ही रेघ कायद्यात आणली. रात्री अटक अपवादानेच, महिला अधिकाऱ्याकडून आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घेऊन. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

या दोन्ही वेळी तक्रार नेणाऱ्यांना स्वतःसाठी काही मागायचं नव्हतं. दुसऱ्याचं दुखणं पाहून कुणी पायरी चढलं, आणि त्याचा आधार आज तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या लेकींना आहे. पण माहीत नसलेला हक्क कुलूपबंद तिजोरीतल्या पैशासारखा, वेळेला हाताशी येत नाही. म्हणून मुलींना, सुनांना आणि घरी धुणंभांड्याला येणाऱ्या बाईलाही एवढं सांगून ठेवा: अटकेचं कारण विचारायचं, घरी कळवायला सांगायचं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे. आणि स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो.