जखम भरली, वण उरला

श्रोतेहो, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले की घरची मंडळी म्हणतात, "झालं बरं, आता लागा कामाला!" पण वणाची जागा ओढते, खाजते, मधूनच चमक मारते. रोग्याला वाटते, शस्त्रक्रियाच फसली. तसे नसते. हे समजावे म्हणून पुण्याचीच एक जुनी हकीकत सांगतो.

कावसजी हा इंग्रजी फौजेकडचा बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये ही हकीकत छापून आली.

आता त्या कारागिराची शुश्रूषा पाहा. काथाच्या पट्ट्या एकीवर एक पाच-सहा बसवल्या आणि चार दिवस हात लावला नाही. मग तुपात भिजवलेले कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणेच निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. ते का? भरणारी जखम आकसते. बोळे नसते तर नाकपुड्या बुजल्या असत्या. जखम भरल्यावरही काम उरते, हे त्याला ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत तर जखमेचे ६० उपचार सांगितले आहेत; जागा मऊ करणे, वणाचा रंग कातडीशी मिळता करणे, हेही त्यांत आहे.

आजचे शास्त्र सांगते, वण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ बदलत असतो. आधी लाल, कठीण. मग हळूहळू फिका नि मऊ. तरी मूळ कातडीचे पुरते बळ त्याला येत नाही. म्हणून नांगर, घागर, पोते यांची घाई नको. उघड्या जखमेवर आज काथ-तूप लावू नका. जखम पुरती मिटल्यावर, डॉक्टरांना विचारून, बोटांनी वण हलकेच चोळावा. जवळचा सांधा रोज थोडाथोडा हलवावा. कडक ऊन टाळावे. लाली वा दुखणे वाढले, पू आला, ताप भरला, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

गुरुजनहो, कावसजीची गोष्ट वर्गात जरूर सांगा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी कोणी नुकतेच शस्त्रक्रिया होऊन आलेले असेल. "कामचुकार" म्हणून त्या माणसाला टोचून बोलण्याआधी घरचे क्षणभर थांबले, तरी ही गोष्ट सांगितल्याचे सार्थक झाले.