एचआयव्हीची लक्षणे कोणती? लक्षणांची वाट न पाहता तपासणी का करावी, कुठे करावी? वाचा सविस्तर

गावात एखाद्याला सारखा ताप येतो. दवाखान्यात जाऊन सलाईन लावली की दोन-चार दिवस बरं वाटतं, पुन्हा अंगात कसकस सुरू होते. मग कोणी म्हणतं टायफॉइड असेल, कोणी म्हणतं बाहेरचं काहीतरी असेल. माणूस निम्मा होतो, अंथरुणाला खिळतो आणि मगच एचआयव्हीची तपासणी होते. यात वर्ष कधी निघून जातं ते कळतही नाही. तोवर हा आजार घरात जोडीदारापर्यंतही पोहोचलेला असू शकतो. हे सगळं टाळणारी तपासणी मात्र सरकारी रुग्णालयात मोफत होते.

एचआयव्ही आणि एड्स एकच नाही

एचआयव्ही हा विषाणू आहे. तो शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीवर, म्हणजे रक्तातील सीडी४ नावाच्या पेशींवर हल्ला करतो. उपचार न घेतल्यास या पेशी हळूहळू कमी होतात. त्यांची संख्या २०० च्या खाली गेली किंवा काही ठरावीक गंभीर आजार जडले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. वेळेवर औषध सुरू केलेला माणूस या अवस्थेपर्यंत जातोच असं नाही.

लक्षणे कोणती?

*सुरुवातीचा काळ :* लागण झाल्यानंतर साधारण २ ते ४ आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगदुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी असा त्रास होतो. तो व्हायरल तापासारखाच असतो आणि आपोआप थांबतो. त्यामुळे कोणाला संशय येत नाही. अनेकांना तर एवढाही त्रास होत नाही.

*मधला काळ :* यानंतर कित्येक वर्षे, कधी कधी ८ ते १० वर्षे, काहीच लक्षण दिसत नाही. माणूस शेतात राबतो, गाडी चालवतो, लग्न करतो. आतमध्ये विषाणू वाढत असतो आणि याच काळात नकळत दुसऱ्याला लागण होऊ शकते.

*पुढचा काळ :* प्रतिकारशक्ती घटल्यावर पुढील त्रास सुरू होतात.

- महिन्याहून अधिक काळ राहणारा किंवा येऊन-जाऊन असणारा ताप
- महिन्याहून अधिक काळ चालणारे जुलाब
- कारण नसताना वजन झपाट्याने कमी होणे
- तोंडात, जिभेवर पांढरा थर, गिळताना त्रास
- मान, काख, जांघेत बरेच दिवस राहणाऱ्या गाठी
- नागीण उठणे, विशेषतः तरुण वयात किंवा पुन्हा पुन्हा
- अंगावर खाज येणारे, लवकर बरे न होणारे पुरळ
- रात्री दरदरून घाम, सततचा खोकला, क्षयरोग (टीबी)

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे एचआयव्ही झालाच, असा अर्थ नाही. हे त्रास इतर आजारांतही होतात. मात्र ते लांबत असतील तर तपासणी करून शंका मिटवावी. टीबीच्या प्रत्येक रुग्णाने तर एचआयव्ही तपासणी करायलाच हवी, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं टीबी हे मोठं कारण आहे.

तोंड बघून कळत नाही

"तो तर चांगला धडधाकट आहे, त्याला काय होणार?" असं सर्रास बोललं जातं. पण मधल्या काळात तब्येत ठणठणीतच असते. त्यामुळे लागण आहे की नाही, हे फक्त रक्ताची तपासणी सांगू शकते.

तपासणी कोणी करावी?

- असुरक्षित शरीरसंबंध आला असल्यास
- जोडीदार पॉझिटिव्ह असल्यास
- गुप्तरोग किंवा टीबी असल्यास
- दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली गेली असल्यास
- प्रत्येक गर्भवतीने, पहिल्या तीन महिन्यांतच
- लग्न ठरलेल्या मुला-मुलीने, दोघांच्या संमतीने

तपासणी कुठे आणि कशी होते?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांतही प्राथमिक तपासणी होते. केंद्रात आधी समुपदेशक माहिती देतात, संमती घेतात आणि मग रक्ताचा नमुना घेतला जातो. रिपोर्ट सहसा त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तरी लगेच शिक्का बसत नाही. वेगवेगळ्या किटवर आणखी चाचण्या करूनच निदान पक्कं केलं जातं.

ओळखीचं कोणी बघेल म्हणून अनेकजण जात नाहीत. अशांनी शेजारच्या तालुक्यातील केंद्रात जावं. आपल्याच तालुक्यात तपासणी करावी, असं बंधन नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी

लागण झाल्या झाल्या चाचणीत ती दिसत नाही. हा काळ ३ महिन्यांपर्यंतचा असू शकतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. म्हणून धोका झाला असल्यास ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. तोपर्यंत निरोध वापरावा.

धोका नुकताच झाला असेल तर थांबू नये. ७२ तासांच्या आत पीईपी नावाचं औषध सुरू करून ते २८ दिवस घेतल्यास लागण टळण्याची शक्यता खूप वाढते. जितकं लवकर तितकं चांगलं, त्यामुळे थेट जिल्हा रुग्णालय गाठावं.

पॉझिटिव्ह आल्यास पुढे काय?

देशात २००४ पासून एआरटी केंद्रांवर मोफत औषध मिळते. २०१७ पासून सीडी४ किती आहेत याची वाट न पाहता प्रत्येक पॉझिटिव्ह व्यक्तीला उपचार सुरू केले जातात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती आयुष्यभर, रोज, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली तर विषाणू पुन्हा वाढतो आणि ते औषध निकामी ठरू शकतं.

एआरटीने आजार मुळासकट जात नाही, पण लवकर सुरू केल्यास माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगू शकतो. नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ऊसतोडीला किंवा कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी आधी एआरटी केंद्रात सांगावं. जास्त दिवसांचं औषध घेता येतं का किंवा तिकडच्या केंद्रातून मिळेल का, याची सोय करून घ्यावी.

गरोदरपणी कळलं तर सुनेला दोष नको

उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईने वेळेवर औषध घेतलं आणि बाळालाही दिलं, तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं.

अनेक घरांत सुनेची तपासणी गरोदरपणात सर्वात आधी होते, म्हणून तिचाच रिपोर्ट आधी कळतो. आजार तिनेच आणला, असा त्याचा अर्थ नाही. नवऱ्याने त्याच दिवशी स्वतःची तपासणी करून घेणं, हेच शहाणपणाचं.

गुप्तता आणि कायदा

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट परस्पर इतरांना सांगता येत नाही. या कारणावरून नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश किंवा दवाखान्यात उपचार नाकारणं बेकायदेशीर आहे. एकत्र जेवल्याने, एका विहिरीचं पाणी प्यायल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही.

मनात शंका असेल आणि कोणाला विचारायची लाज वाटत असेल, तर १०९७ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. नाव सांगण्याची गरज नाही. जवळचं केंद्र कुठे आहे, हेही तिथे कळेल.