डोहातल्या सात जणी

धाम, बोर, यशोदा, वणा. वर्धा जिल्ह्यातल्या या नद्या उन्हाळ्यात बारीक होत जातात आणि पाणी उरतं ते डोहात. असा डोह किंवा जुनी विहीर ही साती आसरांची जागा. शेंदूर फासलेले सात गोटे एका ओळीत मांडले की ठाणं झालं. मूर्ती लागत नाही, पुजारीही नाही. भर दुपारी किंवा अमावस्येला बाईमाणसानं एकटीनं तिथे जाऊ नये. गेली आणि मागून ताप चढला, ती बरळू लागली, तर आसरांनी धरलं म्हणायचं. उतारा म्हणून ओटी: हळदकुंकू, खण, नारळ, हिरव्या बांगड्या, सगळं सातींना सारखं.

आसरा म्हणजे अप्सरा, हे ऐकलं की लोक हसतात. इंद्रसभेतली नर्तकी कुठे आणि विहिरीवरचा गोटा कुठे! खेड्यानं मोठ्या देवतेला बिघडवलं, असं त्यांना वाटतं. मला उलटं वाटतं. अथर्ववेदातल्या अप्सरा नाचतात खऱ्या, पण त्यांची घरं पाण्यात आणि वड-पिंपळावर आहेत. त्या माणसाला वेड लावतात, आणि त्यांना हाकलायला चौथ्या कांडात अजशृंगी नावाच्या वनस्पतीचा मंत्र आहे. शतपथ ब्राह्मणातली उर्वशीही पुरूरव्याला सापडते ती कमळांच्या तळ्यात, सख्यांसह पाणपक्षी होऊन पोहताना. दरबारी झगमगाट नंतरच्या कवींनी वाढवला. जुनी, धरणारी अप्सरा डोहाकाठीच राहिली.

सातांचा आकडा मातृकांच्या ओळखीचा आहे. वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृका ओळीनं बसलेल्या दिसतात. पण त्यांना वाहनं आहेत, एकेकीची स्वतंत्र ओळख आहे. आसरांची नावं पोथीत सापडतात: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी वगैरे, म्हणजे मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगर. ओटी भरणाऱ्या बाईला ती ठाऊक असण्याची गरज पडत नाही. कुणा शास्त्र्यानं मागाहून बसवलेली यादी असावी, असा माझा संशय.

लेखी नोंदीही झाल्या. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती गोळा करवत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळी घातली; राहिलेली टिपणं एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१५ मध्ये ‘कोकणची लोकविद्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावानं छापली. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात, म्हणून इथल्या विहिरी त्या कामाच्या कक्षेबाहेर राहिल्या.

साहेबाच्या स्वतःच्या देशातही पाण्यात कुणीतरी होतंच. लँकशायरची जेनी ग्रीनटीथ शेवाळल्या तळ्यात पोरांना ओढते, टीज नदीची पेग पाउलरही तेच करते. पोरांनी पाण्याजवळ जाऊ नये म्हणून बागुलबुवा, असा खुलासा लगेच देता येतो, आणि आमच्या भर दुपारच्या बंदीलाही तो लागू पडतो: वैशाखाच्या उन्हात विहिरीवर चिटपाखरू नसतं, पाय घसरला तर दोर टाकणार कोण? पण बागुलबुव्याला कुणी बांगड्या भरत नाही. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघते तेव्हा विहीर पुजते. तिथे भीतीपेक्षा मागणं जास्त असतं.

ब्रिटनमध्ये हे मागणंही होतं. हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरोबर्गला कोव्हेंटिना या जलदेवतेची विहीर १८७६ मध्ये उपसली, तेव्हा १३,००० हून अधिक रोमन नाणी निघाली. शिवाय दागिने, मोती, आणि एका शिळेवर शेजारी शेजारी तीन जलकन्या. नाण्यांची रांग चौथ्या शतकाच्या अखेरीस तुटते, रोमन साम्राज्यानं जुन्या देवतांची पूजा बंद पाडली त्याच सुमारास. ओटी थांबली आणि मागे उरल्या त्या पोरं ओढणाऱ्या जेनी-पेग. आसरांची ओटी अजून चालू आहे, म्हणून त्या धरतातही आणि सोडतातही.