व्हायोलिनवरील बोटें आणि आपला कान



अरुणावतीकांठचें आमचें आर्णी गांव लोकांस ठाऊक आहे तें बाबा कंबलपोष यांच्या उरुसामुळें. व्हायोलिनशीं त्याचें नांव कोणी जोडीत नाहीं. परंतु या वाद्याच्या इतिहासाचें मर्म मला तेथेंच उमगलें, तेंहि स्वतःच्या एका चुकीमुळें.

शाळेंतील एका मुलाच्या व्हायोलिनच्या मानेवर मीं कागदी पट्ट्या चिकटविल्या होत्या. हिशेब बिनचूक होता. मोकळी तार षड्जांत मिळविली असतां वरच्या टोकापासून तारेच्या नवमांशावर शुद्ध ऋषभ, पंचमांशावर गंधार, चतुर्थांशावर मध्यम आणि तृतीयांशावर पंचम. तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार बोटें या चार स्वरांवर पडावयाचीं. त्यांत मधलें बोट व अनामिका अगदीं जवळजवळ. तरीहि मुलगा बेसूर वाजवी, कारण त्याचे डोळे पट्टीवर असत आणि कान कोठेंच नसे.

सतारीस पडदे आहेत, व्हायोलिनला नाहींत. सोळाव्या शतकांत इटलींत घडलेलें हें वाद्य गोव्यांतील चर्चच्या शाळांतून लिहिलेल्या स्वरांप्रमाणें शिकवीत. दक्षिणेंत मात्र बालुस्वामी दीक्षित (१७८६–१८५८) यांनीं तें कर्नाटक संगीतांत आणलें. हनुवटीखालचें वाद्य बैठकींत उतरलें. त्याचें शीर्ष घोट्यावर टेकूं लागलें. डाव्या हातावरील भार गेला आणि बोट तारेवरून मोकळेपणीं घसरूं लागलें. मींड साधली ती या मोकळिकीमुळें. महाराष्ट्रांत गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांनीं व्हायोलिनवर ख्याल उतरविला. ते मूळचे गवई होते, हें विसरूं नये. त्यांचे शिष्य श्रीधर पार्सेकर यांनींहि हें वाद्य रसिकांच्या घरोघरीं प्रिय केलें.

म्हणजे आपल्याकडे या वाद्याला वळण लावलें तें गळ्यानें. पट्टी स्वराची जागा दाखविते. एका स्वराहून दुसऱ्याकडे जाण्याची वाट दाखवीत नाहीं.

हें ध्यानीं येतांच मीं पट्ट्या काढल्या. पेटीवर षड्ज धरून मुलास आधीं स्वर गावयास लावला, मग बोट ठेवावयास. शेजारची तार पंचमांत मिळविली. करंगळीचा पंचम त्या मोकळ्या तारेशीं एकजीव झाला कीं हात बरोबर, एवढीच परीक्षा ठेविली. दोन महिन्यांनीं तो डोळे मिटून वाजवूं लागला.

घरांतील मूल व्हायोलिन घेऊन बसेल, तेव्हां प्रथम त्याला गाऊं द्या, इतकेंच सांगून आपली रजा घेतों.